वाचकांचे प्रश्न : घरी बसून सामने पाहणाऱ्यांना काय भेट द्यावे?

प्रश्न : माझे वडील बासष्ट वर्षांचे असून नुकतेच निवृत्त झाले आहेत. तरुणपणी त्यांनी शाहू स्टेडियमवरचा एकही मोठा सामना चुकवला नाही. आता गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे क्रिकेट असो वा फुटबॉल, सारे घरातच पाहतात. मध्यंतरी मोबाईलवर संघ निवडून ते पन्नास-शंभर रुपये लावत असत. तो खेळ बंद झाल्यापासून त्यांना चुकल्याचुकल्यासारखे होते. धाकटा भाऊ म्हणतो, ‘वाढदिवसाला दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये दोन हजार रुपये भरून देऊ, बाबांचा वेळ जाईल.’ मला हे पटत नाही, पण दुसरे काय द्यावे हेही सुचत नाही.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, आपल्या भावाचा हेतू चांगला असला तरी ही भेट देऊ नये. वडिलांचे जे ॲप बंद झाले ते कंपनीच्या लहरीने झालेले नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे खरे. पण त्यानंतरही जी ॲप्स पैसे स्वीकारत आहेत त्यांच्याकडे अडकलेली रक्कम मागायला वडिलांनी जायचे कोणाकडे? मुळात पैजेची रक्कम कोर्टातून वसूल होत नाही, हे १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमानेच सांगून ठेवलेले आहे.

कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी घरी बसून पैसे लावणारा माणूस दोन ठिकाणी नागवला जातो. पहिले ठिकाण सट्ट्याच्या दराचे. दोन्ही संघ तुल्यबळ असताना सट्टेवाला शंभरावर मुद्दलासह दोनशे कधीच देत नाही. समजा तो दोन्ही बाजूंना एकशे नव्वद देतो, तर लावणाऱ्याचे दर शंभरामागे सरासरी पाच रुपये गेलेच, मग त्याला क्रिकेट कितीही कळत असो. दुसरे ठिकाण वेळेचे, आणि ते मी स्वतः अनुभवले आहे. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री अर्जेंटिना आणि फ्रान्स यांचा फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना मी मोबाईलवर पाहत होतो. तीन-तीन अशी बरोबरी होऊन पेनल्टी सुरू झाल्या होत्या आणि अर्जेंटिनाचा मोंतिएल चेंडू ठेवण्यासाठी चालत निघाला होता, तोच आमच्या गल्लीत फटाक्यांची माळ लागली आणि कोणीतरी ‘मेस्सी, मेस्सी’ असे ओरडत गाडीवरून गेला. माझ्या पडद्यावर चेंडू अजून जमिनीवर टेकायचा होता! इंटरनेटवरून येणारे चित्र तुकड्यातुकड्यांनी साठवून मगच दाखवले जात असल्याने ते कधी वीस, तर कधी चाळीस सेकंद मागे असते; शेजारच्या घरी केबल होती. मला फक्त आनंद उशिरा मिळाला, पण त्या क्षणी जो पैसे लावून बसला असेल त्याच्यासमोरचा माणूस मैदानावरची बातमी आधीच खिशात घालून बसलेला असतो.

म्हणून वडिलांसाठी पहिली भेट अगदी साधी सुचवतो : त्यांच्या केबलचे किंवा डिशचे खेळवाहिन्यांसह वर्षाचे पैसे भरून टाका. चित्र मोबाईलच्या आधी पोहोचेल आणि गल्लीतली आरोळी ऐकून वडिलांचा विरस होणार नाही.

दुसरी भेट दोन-तीनशे रुपयांच्या आत बसेल आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. खेळाच्या साहित्याच्या दुकानात क्रिकेटची धावपत्रिका लिहिण्याची वही मिळते. ती एक आणि निळ्या, लाल, हिरव्या शाईची पेने द्या. संघ निवडून पैसे लावणाऱ्या माणसाला खरी गोडी बहुधा पैशांची नसते, तर प्रत्येक चेंडूत आपलेही काही गुंतलेले आहे या भावनेची असते, आणि ती गोडी ही वही पुरवते. धाव नसलेल्या चेंडूला टिंब, वाइडला अधिकचे चिन्ह, नो-बॉलला वर्तुळ. निर्धाव षटक पडले की सहा टिंबे रेघांनी जोडून इंग्रजी एम काढायचा आणि त्यात बळीही मिळाला असेल तर डब्ल्यू. एका गोलंदाजाला एक रंग दिला की फलंदाजाच्या रांगेत कोणी कोणाला छळले ते षटकांगणिक दिसू लागते. पहिले दोन सामने चुका होतील, बेरीज जुळणार नाही, वडील चिडतील. तिसऱ्यापासून ते चहालासुद्धा उठणार नाहीत.

वहीच्या पहिल्या पानावर एक धावसंख्या सुरेख अक्षरात लिहून द्या : भाऊसाहेब निंबाळकर, नाबाद ४४३. कोल्हापुरात जन्मलेल्या या फलंदाजाने डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून ही खेळी केली. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा विक्रम अवघ्या नऊ धावांवर असताना काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना तिथेच संपला. निंबाळकरांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. आपल्या वडिलांना हे ठाऊक असणारच. ते आपल्याला सांगण्याची संधी त्यांना मिळावी हाही भेटीचाच एक भाग समजा.

समालोचन नीट ऐकू येत नाही अशी त्यांची तक्रार असेल, तर टीव्हीखाली ठेवायचा साउंडबार घ्यावा. हल्लीच्या पातळ टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे आवाज वाढवला की गोंगाट वाढतो आणि शब्द मात्र बुडतात. संवाद स्पष्ट करण्याची सोय असलेला साउंडबार पाहावा आणि आपल्या टीव्हीला तो जोडण्याचे छिद्र आहे ना, याची दुकानात जाण्यापूर्वी खात्री करावी. आणि हंगाम सुरू झाला की एका संध्याकाळी रिक्षा करून त्यांना शाहू स्टेडियमवर घेऊन जा. पाटाकडील आणि शिवाजी या फुटबॉल संघांचा सामना असेल तर गर्दी फार होते. गुडघ्यांचा विचार करून एखादा कमी चुरशीचा सामना निवडा आणि अर्धा तास आधी पोहोचून खालच्या पायरीवर जागा धरा.

एक गोष्ट मात्र शांतपणे पाहून घ्या. वडिलांना नुसते चुकल्यासारखे होते की ते लपवून कुठेतरी पैसे लावत आहेत, उसने घेत आहेत, सामन्यानंतर झोपत नाहीत? तसे असेल तर कोणतीच वस्तू उपयोगाची नाही. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठी आहे. त्यावर घरच्यांनीही बोलता येते. फसवणुकीने पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार लगेच नोंदवावी, कारण जितका उशीर तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी.

प्रश्न : आमचे घर दोन खोल्यांचे आहे. यजमान रात्री उशिरापर्यंत युरोपातले फुटबॉल सामने पाहतात आणि मुलीची दहावी आहे. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांना ब्लूटूथ हेडफोन द्यावेत का?
— एक गृहिणी, फुलेवाडी

उत्तर : द्यावेत, पण साधे ब्लूटूथ हेडफोन टीव्हीला जोडले की आवाज चित्राच्या मागे राहतो, चेंडू जाळ्यात गेल्यावर लाथेचा आवाज येतो आणि दोन दिवसांत हेडफोन कपाटात जातात. टीव्हीच्या ऑडिओ छिद्रात एक छोटे तळयंत्र बसवून रेडिओ लहरींवर चालणारे हेडफोन मिळतात, ते घ्यावेत. त्यांत असा उशीर जाणवत नाही. स्वस्तातला उपाय म्हणजे पाच मीटरची वायर आणि जुना हेडफोन. सोबत भडंगाचा डबा आणि चहाचा थर्मास दिलात तर मध्यंतरात स्वयंपाकघरातली भांडीही वाजणार नाहीत. गोल झाल्यावर यजमान जे ओरडतील त्यावर मात्र बाजारात अजून काही आलेले नाही.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात आम्ही अठरा जण आहोत. फुटबॉल विश्वचषकासाठी प्रत्येकी पाचशे रुपये गोळा करायचे आणि ज्याचे अंदाज सर्वांत जास्त खरे ठरतील त्याला सगळी रक्कम भेट द्यायची, असे ठरत आहे. सगळे आपापल्या घरीच सामने पाहणार. यात काही गैर आहे का?
— एक कामगार

उत्तर : नऊ हजार रुपये एका ठिकाणी जमले की त्याला भेट कोणी म्हणत नाही, सट्टाच म्हणतात. आपल्या राज्यात १८८७ पासूनचा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आणि कारखान्याच्या आवारात अशी वर्गणी उघडकीला आली तर मालकापुढे उत्तर द्यावे लागेल ते वेगळेच. कायद्यापेक्षाही मला धास्ती वाटते ती सतराव्या आणि अठराव्या क्रमांकाची. त्या दोघांच्या घरी पाचशे रुपये कशाकशाचे असतात, हे वर्गणी गोळा करणारे कधी विचारत नाहीत.

स्पर्धा मात्र अवश्य करा, कारण २०२६ चा विश्वचषक त्यासाठी फार चांगला आहे : ११ जून ते १९ जुलै, अठ्ठेचाळीस संघ, बारा गट, एकशे चार सामने. त्यांतले बहात्तर गटसाखळीचे आणि बत्तीस बाद फेरीचे. ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर हा तक्ता काढून तो जेवणाच्या खोलीत लावा. नेमका गोलफलक सांगणाऱ्यास तीन गुण, नुसता विजेता बरोबर सांगणाऱ्यास एक. अंदाज आदल्या पाळीच्या सुट्टीपर्यंत लिहिले गेले पाहिजेत, नंतरची खाडाखोड बाद. सामने अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत असल्याने आपल्याकडे बरेचसे मध्यरात्रीनंतर आणि पहाटे दिसतील. तेव्हा पहिल्या पाळीच्या लोकांना सकाळी आल्याआल्या निकाल न सांगण्याचा नियमही करून ठेवा, नाहीतर रात्री सामन्याचे रेकॉर्डिंग लावून झोपलेल्याची पंचाईत होईल.

बक्षीस म्हणून पहिल्याला त्याच्या आवडत्या संघाचा टी-शर्ट सर्वांनी मिळून आणावा. तो वीस-पंचवीस रुपयांच्या वाट्यात बसतो. आणि शेवटून तिघांनी बाकीच्या पंधरांना खासबागेजवळ भेळ खायला घालावी. अंतिम सामना आपल्याकडे २० जुलैला मध्यरात्री साडेबाराला सुरू होईल आणि तो सोमवार आहे, तेव्हा भेळ त्या दिवशी ठेवू नका. कोणी जागे राहणार नाही.