विंडोज ११ टाकल्यापासून लॅपटॉपची बॅटरी टिकत नाही, परत विंडोज १० टाकून घेऊ का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच-सहा वर्षं जुना लॅपटॉप, ओळखीच्या दुकानदाराने विंडोज १० काढून ११ करून दिलं, आधी दोन-अडीच तास चालणारी बॅटरी आता पाऊण तासात मान टाकते, आणि तुमचे बंधू म्हणतात की दुकानदाराने वाट लावली, परत १० टाकून घे.

परत १० वर जाऊ नका आणि दुकानदाराशी भांडूही नका. बॅटरी अपग्रेडच्या आधीच उतरलेली, म्हणजे जुनी होऊन कमी साठवणारी, असण्याची शक्यता जास्त आहे आणि ती तशी होती की नव्हती हे घरबसल्या तपासता येतं. कसं ते सांगतो. पण तुमच्या बंधूंचं वाक्य वाचून मला राहवलं नाही, कारण तेच वाक्य मी माझ्या दुकानात भर गणपतीत चारचौघांसमोर ऐकलं आहे.

माझं देवगडजवळ जामसंड्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. २०२५ च्या जुलैत आमच्या गावचे एक निवृत्त मुख्याध्यापक लॅपटॉप घेऊन आले. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो. घरची कलमं आहेत, त्यामुळे किती पेट्या भरल्या, वाशीला कुठल्या गाडीने गेल्या, फवारणीचा खर्च किती, सगळं त्या लॅपटॉपवर. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. बँकेचं कामही त्यावरच करतात म्हणून घाबरले होते. मशीन अकराला चालणारं होतं. डेटाचा बॅकअप घेतला, अपग्रेड केलं, चालवून दाखवलं, दिलं.

माझी एक सवय आहे. गिऱ्हाइकाच्या मशीनला हात लावण्याआधी मी त्याचा बॅटरी रिपोर्ट काढतो आणि गिऱ्हाइकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकून ठेवतो. गावात धंदा करायचा तर हे लागतं. शहरात एक गिऱ्हाईक तुटलं तर दुसरं येतं, इथे एका घरात नाव खराब झालं की आख्खी वाडी जाते.

गुरुजींचा लॅपटॉप कसा वापरला जायचा ते मला ठाऊक होतं, कारण त्यांच्याकडे प्रिंटर जोडायला मीच गेलो होतो. पडवीत खिडकीशी टेबल, वर पत्रा, आणि चार्जर बारा महिने लावलेला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे दिवसच्या दिवस लाईट नव्हती. तेव्हापासून इकडच्या लोकांनी धसका घेतला आहे. मोबाईल, टॉर्च, लॅपटॉप, सगळं कायम फुल पाहिजे. त्यात घरी इन्व्हर्टर, म्हणजे लाईट गेली तरी लॅपटॉपला करंट मिळतच राहायचा. बॅटरीवर तो शेवटचा कधी चालला होता, हे खुद्द गुरुजींनाही सांगता आलं नसतं.

अपग्रेडनंतर काही दिवसांनी देवळात गावाची बैठक होती. वर्गणीचा हिशेब गुरुजींकडे. पहिल्यांदाच लॅपटॉप काखोटीला मारून ते देवळात गेले, सभामंडपात मांडून बसले, आणि निम्मा हिशेब वाचून होतो तोच स्क्रीन काळी. आयुष्यभर हिशेबाला चोख म्हणून ज्यांचं नाव, त्यांच्यावर गाववाल्यांसमोर 'उरलेलं उद्या सांगतो' म्हणायची वेळ आली. त्यांना ते किती लागलं असेल ते मी समजू शकतो.

त्यांचा मुलगा मुंबईत आयटीत आहे. गणपतीला आला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात. सणाची गर्दी, कोणाला झेरॉक्स हवी, कोणाला परतीचं तिकीट. त्या सगळ्यांसमोर तो म्हणाला, "माझ्या बापाशीचो लॅपटॉप बरो चलत होतो. तुया हात लावलंस आणि बॅटरी गेली. अकरा घालूक तुका कोणी सांगलेला?"

मी आवाज चढवला नाही. जुलैचा रिपोर्ट उघडला आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. वर तारीख आणि वेळ, अपग्रेडच्या आधीची. खाली दोन ओळी. डिझाइन कॅपॅसिटी, म्हणजे कारखान्यातून निघताना बॅटरीत मावत होतं तेवढं: साधारण ४२,००० मिलिवॉट-तास. फुल चार्ज कॅपॅसिटी, म्हणजे आज पूर्ण भरल्यावर मावतं तेवढं: १५,००० च्या जरा वर. तिसरा हिस्सा जेमतेम. मग त्याच्यासमोर नवा रिपोर्ट काढला. आकडा जवळपास तोच. म्हणजे अपग्रेडआधी जेवढं मावत होतं, तेवढंच अपग्रेडनंतरही मावत होतं.

तर म्हणतो कसा, "ह्यो रिपोर्ट विंडोजच काढता मा? मगे विंडोज खोटा बोलता."

आयटीत नोकरी करणाऱ्या माणसाने असं बोलावं याचा मला आजही राग आहे. हा आकडा विंडोज मनाने ठरवत नाही. लॅपटॉपच्या बॅटरीच्या पॅकमध्येच एक छोटी चिप असते. किती करंट आत गेला, किती बाहेर आला, ते ती मोजते आणि क्षमतेचा अंदाज देते. विंडोज तो वाचून दाखवतं. आणि कोपऱ्यात जे १०० टक्के दिसतं ते आज मावतं त्याचे १०० टक्के, मूळ क्षमतेचे नव्हेत. विहिरीत गाळ भरला तरी पाणी काठापर्यंत दिसतंच, पंप लावल्यावर कळतं किती होतं ते. गुरुजींच्या लॅपटॉपवर रोज १०० दिसत होतं म्हणून घरातल्यांना तो ठणठणीत वाटत होता.

त्याने ऐकलं नाही. लॅपटॉप उचलला, मुंबईला नेला, तिथे कुठल्याशा दुकानातून पैसे मोजून परत १० टाकून आणलं. दिवाळीत गुरुजी स्वतः आले. बॅटरी तेवढीच चालत होती. वर तोवर १० चा सपोर्टही संपला होता. पुन्हा ११ केलं, बॅटरी मागवली, बसवून दिली. आज तोच लॅपटॉप तेच विंडोज ११ घेऊन देवळात पूर्ण बैठक चालतो. मुलाने मात्र बोललेलं मागे घेतलं नाही. गावात अजून एक-दोघं म्हणतात की माझ्याकडे विंडोज टाकलं की बॅटरी जाते, आणि मशीन कणकवलीला नेतात.

ही ओरड काही आजची नाही. विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये आलं. जुनी विंडोज फक्त किती टक्के उरलंय ते दाखवायची. ७ ने पहिल्यांदा बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता यांचा मेळ घालून 'बॅटरी बदलायचा विचार करा' असं सांगायला सुरुवात केली. लगेच जगभर बोंब, की नवीन विंडोज बॅटऱ्या खराब करतं. फेब्रुवारी २०१० मध्ये विंडोज विभागाचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्हन सिनोफ्स्की यांनी जाहीर खुलासा केला, की तक्रारी तपासल्या, ज्या बॅटऱ्यांवर इशारा येतोय त्या खरोखरच उतरलेल्या आहेत. तेव्हाही लोकांना पटलं नव्हतं. अपग्रेडची तारीख लक्षात राहते, बॅटरी कधी उतरायला लागली ती तारीख कोणाकडेच नसते.

मग बॅटरी उतरते कशाने? लॅपटॉपमधल्या लिथियम-आयन बॅटरीचे दोन शत्रू, उष्णता आणि कायम १०० टक्क्यांवर ठेवणं. आपल्याकडे पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये दोन्ही एकत्र येतात. इकडे सगळे खाऱ्या वाऱ्याला दोष देतात, पण खारी हवा चार्जिंगची पिन, पंखा, बोर्डावरचे सांधे खाते. बॅटरीचे सेल बंद डब्यात असतात, त्यांना वाऱ्यापेक्षा पत्रा आणि चार्जर जास्त नडतात. शिवाय वापर नसला तरी वय होतंच. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून-उतरवून क्षमता घटलेली जाणवते, आणि तुमचा लॅपटॉप तर पाच वर्षांचा आहे.

आता तुमचं. स्टार्टमध्ये 'सीएमडी' (cmd) शोधा, काळी खिडकी उघडेल. त्यात इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी' लिहा, एक जागा सोडा, फॉरवर्ड स्लॅश आणि त्याला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' (powercfg /batteryreport), मग एंटर. फाईल कुठे ठेवली ते तिथेच लिहून येतं, ती ब्राउझरमध्ये उघडा. डिझाइन कॅपॅसिटी आणि फुल चार्ज कॅपॅसिटी शेजारी मांडा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर किंवा खाली असेल तर विषय संपला, बॅटरी बदला. त्याच रिपोर्टमध्ये खाली क्षमतेचा तारीखवार इतिहास असतो, त्यात अपग्रेडच्या आधीच्या तारखा शिल्लक असतील तर त्या बंधूंना दाखवा. आणि शेवटचं अडीच तास चार्जरशिवाय कधी वापरलं होतं, हेही त्यांना विचारा. अपग्रेडच्या आदल्या आठवड्यात की तीन वर्षांपूर्वी?

अपग्रेडचा दोष कधीच नसतो असंही नाही, तेही सांगतो. फुल चार्जचा आकडा डिझाइनच्या ८० टक्क्यांच्या वर असेल आणि तरी बॅटरी पाऊण तासात जात असेल, तर काहीतरी जास्त करंट खातंय. अपग्रेडनंतर पहिले काही दिवस विंडोज फाईलींची अनुक्रमणिका करतं, अपडेट उतरवतं, पंखा उगाच फिरत राहतो. ते आपोआप थांबतं. थांबलं नाही तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग पॉवर अँड बॅटरी इथे कुठलं ॲप किती खातंय ते दिसतं. पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर गेला असेल तर खाली आणा. ग्राफिक्स आणि चिपसेटचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते भाग चालवायला लागणारी छोटी सॉफ्टवेअर, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्या मॉडेलचेच घ्या. माझ्याकडे अपग्रेडमुळे बॅटरी खाणारी जी मोजकी मशीनं आली, त्यातली बहुतेक ड्रायव्हरने बरी झाली. झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप सकाळी गरम आणि रिकामा मिळत असेल तर स्लीप मोडचा घोळ आहे, झाकण मिटल्यावर हायबरनेट होईल, म्हणजे काम साठवून लॅपटॉप पूर्ण बंद होईल, असं लावून ठेवा.

१० वर परत जायची सोय अपग्रेडनंतर फक्त १० दिवस असते. त्यानंतर म्हणजे सगळं पुसून नव्याने टाकणं. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलं तर १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत मिळते, पण त्यासाठी बॅकअप, फॉरमॅट, सगळी ॲप्स पुन्हा, एवढा खटाटोप कशाला? बॅटरी उतरली असेल तर १० वरही उतरलेलीच राहणार.

नवी बॅटरी घेताना जुनीवरचा पार्ट नंबर जुळवूनच घ्या. निम्म्या किमतीत मिळणारी बिननावाची घेऊ नका, काही महिन्यांत पुन्हा तोच रिपोर्ट काढत बसाल. बसवल्यावर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे का बघा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते. तुमचा चार्जर कायम लावलेला असेल तर ती आजच चालू करा. गुरुजींच्या लॅपटॉपला मी लावून दिली आणि टेबल पत्र्याखालून आत माजघरात घ्यायला लावलं.

एक गोष्ट आत्ताच बघा, रिपोर्टच्याही आधी. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाहीये, किंवा तळ टेबलावर नीट बसत नाहीये असं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, चालू करून बघू नका, दाबू नका, स्वतः उघडू नका. तसाच दुकानात न्या, त्याच दुकानदाराकडे नेला तरी चालेल. तसं काही नसेल तर रिपोर्टमधले दोन आकडे आणि लॅपटॉपचं मॉडेल इथे खाली लिहा, बॅटरी मागवायची की ड्रायव्हर बघायचे ते सांगतो.