ऑनलाइन खरेदीला वॉलेट वापरावं की बँकेचं कार्ड?

माझं सरळ उत्तर: किरकोळ खरेदीला वॉलेट, मोठ्या खरेदीला क्रेडिट कार्ड. डेबिट कार्ड शक्यतो नकोच, कारण काही घोळ झाला तर पैसे थेट बचत खात्यातून जातात आणि मग बँकेच्या मागे लागायचं आपण. क्रेडिट कार्डावर निदान बिल भरण्याआधी तक्रार करता येते. माल आलाच नाही तर चार्जबॅकही (बँकेमार्फत दुकानदाराकडून पैसे परत) मागता येतो.

वॉलेटचा फायदा एवढाच की त्यात पाचशे रुपये असतील तर जास्तीत जास्त पाचशेच जातील. (बँक खातं जोडून ऑटो टॉप-अप चालू ठेवलं असेल, तर हा फायदा विसरा.) पण रिफंड बहुतेक वेळा वॉलेटमध्येच येतो. मी एकदा मिक्सरचं भांडं परत केलं, ७४० रुपये वॉलेटमध्ये आले आणि केवायसी अपुरं म्हणून बँकेत वळवताच येईनात. शेवटी चार महिने मोबाईल रिचार्ज करून संपवले! अपुऱ्या केवायसीच्या वॉलेटात १०,००० रुपयांपर्यंतच शिल्लक ठेवता येते, हेही ध्यानात असू द्या.

कार्डाचा नंबर दुकानाच्या साइटवर राहतो ही जुनी भीती आता बरीच कमी झाली आहे. ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदाराला नंबर साठवता येत नाही, त्याच्याकडे फक्त टोकन, म्हणजे खऱ्या नंबराऐवजी वापरायचा सांकेतिक क्रमांक असतो.

बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाची ऑनलाइन मर्यादा मात्र आजच कमी करून ठेवा. फसवणूक झालीच तर आधी बँकेला कळवा, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन.