भावाला स्किझोफ्रेनिया आहे, मग काउन्सेलिंग आईने आणि मी कशाला घ्यायचं?

तुम्ही लिहिलंय की भाऊ सव्वीस वर्षांचा आहे, आजार दुसऱ्यांदा उलटला आणि तो नुकताच दवाखान्यातून घरी आलाय. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली 'फॅमिली काउन्सेलिंग' लिहिलं आणि ते आईच्या मनाला लागलं: "म्हणजे माझ्यामुळे झालं का हे सगळं?"

आधी त्याचंच उत्तर देते. नाही. आईच्या वागण्यामुळे स्किझोफ्रेनिया होतो, असा एक सिद्धान्त 1948 च्या सुमारास अमेरिकेत पुढे आला आणि काही दशकं त्याने असंख्य आयांना छळलं. तो खरा ठरला नाही. आजार होण्याचं कारण घरच्यांच्या वागण्यात नसतं. पण आजार झाल्यावर तो किती वेळा उलटतो, याचा घरातल्या बोलण्याशी संबंध असतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की घरचे एकतर खचतात नाहीतर चिडतात. म्हणून आईला हा फरक आजच सांगा.

हा संबंध लक्षात आला लंडनमध्ये, समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांच्या कामातून. 1950 च्या दशकात त्यांना दिसलं की दवाखान्यातून आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले रुग्ण, भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडतात. पुढे घरच्यांच्या मुलाखती घेऊन तीन गोष्टी मोजल्या गेल्या: टीका, वैरभाव आणि अति गुंतणं. 1976 च्या अभ्यासात या गोष्टी जास्त असलेल्या घरांत नऊ महिन्यांत निम्म्याच्या आसपास रुग्णांचा आजार उलटला, तर शांत घरांत साधारण आठांतल्या एकाचा. हेच मोजमाप चंदीगडला केलं गेलं, त्याचे निष्कर्ष 1987 मध्ये आले. तिथे अशी तापलेली घरं लंडनपेक्षा खूप कमी निघाली आणि आजार उलटण्याशी संबंध दिसला तो मुख्यतः वैरभावाचा. त्यामुळे आई मुलाला जवळ बसवून जेवायला वाढते, म्हणून कुणी तिला 'अति गुंतलेली' म्हणत असेल तर फार मनावर घेऊ नका. आपल्याकडची माया आणि तिकडची मोजपट्टी यांचं माप नेहमी जुळत नाही.

आता यात होतं काय. चिठ्ठीवर शब्द एकच असला तरी गोष्टी दोन आहेत. एक, भावासह सगळ्या घराने बसायचं ते काम. दुसरी, तुमच्या आणि आईच्या मनावर जे साचलंय त्यासाठीची वेगळी बैठक. दोन्ही हव्यात, पण एकाच खोलीत एकाच वेळी नकोत.

घराच्या कामाचं ब्रिटनच्या 2014 च्या उपचार-मार्गदर्शिकेतलं प्रमाण असं: तीन महिने ते एक वर्ष या काळात किमान दहा बैठका, शक्य असेल तर रुग्णासह. आपल्याकडे बरीच घरं दोन बैठकांनंतर थांबतात, कारण पहिल्या दोनांत आजाराची माहितीच दिली जाते आणि "हे तर डॉक्टरांनीही सांगितलं होतं" असं वाटतं. खरं काम तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून, तोंडाने बोलून बघण्यापासून सुरू होतं.

समजा, संध्याकाळी भाऊ म्हणाला, "वरच्या मजल्यावरचे लोक पाइपमधून माझं बोलणं ऐकतात." घरात याला दोनच उत्तरं तयार असतात. "काहीतरीच काय, कुणी ऐकत नाही" हे पहिलं. त्याने तो एकटा पडतो आणि पुढच्या वेळी सांगतच नाही. दुसरं, "बरं, मग आपण हळू बोलू." याने त्या क्षणी शांतता मिळते, पण त्याच्या मनात आता साक्षीदार तयार झाला. तिसरं उत्तर शिकावं लागतं: "मला तसं काही जाणवत नाहीये. तू घाबरलायस हे मात्र दिसतंय. इथे बसायचं का गॅलरीत जाऊया?" यात भ्रमावर वाद नाही, होकारही नाही, फक्त भीतीला उत्तर आहे. कागदावर सोपं दिसतं. बैठकीत थेरपिस्ट भावाची भूमिका घेतो आणि तुमच्याकडून हे चार-पाच वेळा म्हणवून घेतो. गडबड बहुतेकदा शेवटी होते. वाक्य नीट म्हणून झालं की तोंडातून निघतं, "पण डॉक्टर काय म्हणाले होते?" त्या एका वाक्यात सगळं पुन्हा वादावर येतं.

टीकेचंही असंच. घरचे भासांवर फारशी टीका करत नाहीत. ती होते "दिवसभर लोळतो", "आंघोळ करत नाही", "कुणाशी बोलत नाही" यावर. उत्साह आटणं, चेहरा निर्विकार होणं, सुरुवातच न करता येणं हा आजाराचाच भाग असतो आणि गोळ्यांचा त्यावर असर कमी होतो. आळस समजून बोललेलं प्रत्येक वाक्य वाया जातं. त्याऐवजी विनंती अशी करायची की काय, कधी आणि मला कसं वाटेल हे तिन्ही एका वाक्यात येईल: "अकराच्या आत आंघोळ केलीस तर मला बरं वाटेल, पाणी काढून ठेवते." एका दिवसात अशी विनंती एकच. आणि त्याने ताट उचलून ठेवलं तर तेवढंच, त्याच क्षणी म्हणायचं: "ताट ठेवलंस, बरं वाटलं." "रोज असं केलंस तर किती बरं होईल" हे शेपूट जोडायचं नाही, कारण ते कौतुक नाही, टीकाच आहे.

पुढचा भाग अडचण सोडवण्याच्या सहा पायऱ्यांचा. अडचण नेमकी लिहायची; सुचतील ते सगळे उपाय लिहायचे, वेडगळ वाटले तरी; प्रत्येकाचे फायदे-तोटे; एक निवडायचा; कोण काय कधी करणार ते ठरवायचं; आठवड्याने बघायचं. घरं अडकतात ती पहिल्याच पायरीवर. "तो ऐकत नाही" ही तक्रार झाली. "रात्रीच्या गोळीवरून रोज नऊ ते दहा वाद होतो, आई सहा-सात वेळा विचारते" ही अडचण. एवढं नेमकं लिहिलं की उपाय सुचायला लागतात: आठवड्याच्या खणांची डबी, मोबाइलवर त्याचा त्यानेच लावलेला गजर, नऊ वाजता फक्त तुम्ही एकदाच विचारायचं आणि आईने अजिबात नाही, किंवा रोजच्या गोळीऐवजी महिन्याला एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारायचं. चहात किंवा वरणात गोळी मिसळायचा सल्ला कुणीतरी देईलच. तो घेऊ नका. ज्याला आधीच वाटतंय की अन्नात काहीतरी घालतात, त्याचा संशय तुम्ही खरा करता, आणि मग जेवणही सुटतं.

आजार उलटण्याच्या खुणांचा कागद भावासोबत बसूनच करा, तो बरा असताना. पुस्तकातली यादी नको, मागच्या दोन्ही वेळी आधीच्या पंधरा दिवसांत काय दिसलं ते आठवा. कुणाची झोप जाते, कुणी खिडक्या बंद ठेवतो, कुणी अचानक उपास धरतो. खुणेसमोर कृती हवी: सलग दोन रात्री तीन तासांपेक्षा कमी झोप झाली तर तिसऱ्या सकाळी डॉक्टरांना फोन, आणि तो कोण करणार त्याचं नाव. कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

आता तुमच्या स्वतःच्या बैठकीबद्दल. ही आठवड्याला एक, पाऊण ते एक तास, आणि सहा-आठ वेळा गेल्याशिवाय काही ठरवू नका. सुरुवातीला बहुधा एक प्रश्नावली देतात. सांभाळणाऱ्यावर किती ताण आहे हे मोजणारी, झारिट म्हणून बावीस प्रश्नांची आहे, शून्य ते चार गुण, एकूण 88. आईची आणि तुमची वेगवेगळी भरा. आईच्या बैठकीत बहुतेकदा दोन गोष्टी वर येतात: अपराधीपणा आणि जिवंत मुलाबद्दलचं शोक करावा असं दुःख. इंजिनियर होणारा मुलगा डोळ्यांसमोर आहे आणि तरी तो मुलगा नाही, हे दुःख घरात कुणापुढे बोलता येत नाही, कारण "असं अभद्र बोलू नये." ते कुठेतरी बोलून झालं की "दिवसभर लोळतो" मधली धार आपोआप कमी होते. म्हणून ही बैठक चैन नाही.

भावंडांच्या मनात वेगळेच प्रश्न असतात. मलाही होईल का? सख्ख्या भावंडात धोका शंभरांत नऊ-दहा, इतरांत शंभरांत एकाच्या आसपास. म्हणजे वाढतो खरा, पण शंभरांतल्या नव्वद भावंडांना होत नाही. माझ्या लग्नात हे सांगायचं का? आई-बाबांनंतर कोण? हे तिथे स्पष्ट शब्दांत मांडा. शेवटच्या प्रश्नाला कागदी बाजूही आहे: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने भाऊ बरा असताना आपला नामनिर्देशित प्रतिनिधी (आजारपणात उपचारांच्या निर्णयांत मदत करणारा माणूस) नेमू शकतो आणि उपचारांबद्दल आगाऊ निर्देश लिहून ठेवू शकतो. आणि "लग्न लावून द्या, सुधारेल" म्हणणाऱ्या नातेवाइकांना कोण, काय उत्तर देणार, हेही बैठकीतच ठरवा. लग्न हा उपचार नाही. दुसऱ्या घरच्या मुलीला त्यात ओढू नका.

काय बिघडतं तेही सांगते. भाऊ पूर्ण भ्रमात असताना सगळ्यांना एकत्र बसवणं. त्याच्यासमोर त्याच्याबद्दलच्या तक्रारींचा पाढा वाचणं. फक्त आईनेच जाणं आणि बाबांनी गाडीत थांबणं. मारहाणीची किंवा जीव देण्याची भीती असेल तेव्हा बोलण्याची तंत्रं वापरत बसू नका. अंतर ठेवा, दार मोकळं ठेवा, 112 ला फोन करा.

थेरपिस्ट शोधायला सगळ्यात आधी तुमच्या सायकॅट्रिस्टकडच्या मनोविकार सामाजिक कार्यकर्त्यालाच विचारा. सरकारी दवाखान्यांत, म्हणजे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांतही, ही माणसं असतात. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचा घरच्यांसाठी गट आहे. अशा गटांत तुम्हाला 'शुभंकर' आणि भावाला 'शुभार्थी' म्हणतात. आईला हा शब्द सांगून बघा. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे.

पहिल्या फोनवर तीन प्रश्न विचारा: सायकोसिस (भास-भ्रम होणारा आजार) असलेल्या घरांसोबत काम केलंय का, भावाच्या संमतीने त्याच्या डॉक्टरांशी बोलाल का, आणि बैठकीत आम्हाला बोलून दाखवायला लावता का, की फक्त सल्ला देता? तिसऱ्याचं उत्तर "सल्ला" असेल तर दुसरीकडे विचारा. आणि कुणी पहिल्याच दिवशी आईला भावाचं बालपण उकरायला लावलं, तर तिला घेऊन परत या आणि या उत्तरातला दुसरा परिच्छेद पुन्हा वाचून दाखवा.