पाणी अपुरे असताना नव्या गृहप्रकल्पांना ते कसे वाटावे?

आपला प्रश्न असा आहे : महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेल्या गावात आपण सदनिका नोंदवली आहे, शेजारच्या तयार सोसायट्या टँकरवर चालतात, तरीही त्याच रस्त्यावर आणखी चार प्रकल्पांचे फलक लागले आहेत; मग पाणी नसताना महापालिका परवानग्या कशाच्या आधारावर देते, आणि आहे ते पाणी नव्या प्रकल्पांत कोणत्या न्यायाने वाटायला हवे? मी एका महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात सव्वीस वर्षे अभियंता होतो आणि त्यांतली आठ वर्षे नव्या बांधकामांच्या ना हरकत दाखल्यांच्या टेबलावर गेली, त्यामुळे आपण ज्या कागदांविषयी विचारत आहात त्यांतल्या काहींवर माझी सही असण्यासारखी परिस्थिती आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या दाखल्यात एक ठरलेले वाक्य असे : ‘उपलब्धतेनुसार पाणीपुरवठा करण्यात येईल.’ त्याला जोडून विकसकाचे मुद्रांकावर केलेले हमीपत्र असे, की महापालिकेचे पाणी मिळेपर्यंत रहिवाशांना मी स्वखर्चाने पाणी पुरवीन. पहिल्या कागदात किती पाणी ते लिहिलेले नसे आणि दुसऱ्यात कधीपर्यंत ते लिहिलेले नसे. इमारत पूर्ण होई, सोसायटी स्थापन होई, विकसक हिशेबाच्या वह्या नव्या कमिटीच्या हाती देऊन पुढच्या प्रकल्पाकडे वळे, आणि टँकरचे बिल गुपचूप देखभाल खर्चात जाऊन बसे. ते हमीपत्र नंतर कोणी फाइलमधून बाहेर काढून विकसकासमोर ठेवल्याचे माझ्या आठ वर्षांत मी एकदाही पाहिले नाही.

त्या हमीचे वजन समजण्यासाठी साधा गुणाकार पुरतो. शहरी पाणीपुरवठ्यात दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण सर्वसाधारणपणे धरले जाते. पाचशे सदनिका आणि प्रत्येकीत पाच माणसे धरली, तर रोजची गरज ३ लाख ३७ हजार ५०० लिटर होते. म्हणजे दहा हजार लिटरचे चौतीस टँकर, रात्रंदिवस, दर बेचाळीस मिनिटांना एक. फाटकावरच्या रखवालदाराला दुसरे काही कामच उरणार नाही. प्रत्यक्षात कोणतीही सोसायटी इतके टँकर मागवत नाही. ती कूपनलिका आटेपर्यंत उपसते, पाण्याच्या वेळा ठरवते आणि अर्ध्या पाण्यात भागवते, आणि कागदावर मात्र त्या इमारतीची गरज भागलेली दिसते.

आता परवानगी का दिली जाते याकडे वळतो. भूखंड निवासी विभागात असेल, चटईक्षेत्र नियमात बसत असेल आणि शुल्क भरले असेल, तर पाणी नाही एवढ्याच कारणावर नकार देणे अधिकाऱ्याला अवघड जाते, कारण विकास आराखडा करताना त्या भूखंडावर किती माणसे राहतील याचा विचार झालेला असतो, पण त्यांचे पाणी कोणत्या धरणातून, कोणत्या वर्षी येणार हे क्वचितच बांधून घेतलेले असते. त्यातून परवानगी देणारी यंत्रणा आणि पाणी देणारी यंत्रणा पुष्कळदा वेगळ्या असतात. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. पैकी २३ गावांचे नियोजन पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, सोपवण्यात आले आणि पाण्याची तक्रार मात्र लोकांनी महापालिकेकडे घेऊन जायची, अशी विभागणी झाली.

पुण्याचेच उदाहरण पुढे चालवतो, कारण वाटणीचा प्रश्न तिथे जितका उघडा दिसतो तितका इतर ठिकाणी दिसत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकूण उपयुक्त क्षमता सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. एक टीएमसी वर्षभर पुरवायचे तर सुमारे ७८ एमएलडी, म्हणजे दिवसाला ७८ दशलक्ष लिटर, येतात आणि गळती शून्य धरली तर तेवढ्यात पावणेसहा लाख माणसांची सोय होते. म्हणून धरणे भरल्याचे फोटो वर्तमानपत्रांत आले की पाणी आहे, फक्त देत नाहीत, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु हे पाणी एकट्या शहराचे नाही. याच साखळीच्या कालव्यावर हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांतली शेती आणि गावांच्या पाणीयोजना आहेत, आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत शहराने ठरल्यापेक्षा जास्त पाणी उचलले हा वाद जवळपास दर वर्षी निघतो. पुण्यातल्या मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या उपसा विहिरीतून) साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीसाठी कालव्यात सोडायचे, असे ठरले ते याच देवघेवीतून. पुढे भामा आसखेड धरणाचे पाणी १ जानेवारी २०२१ पासून शहराच्या पूर्व भागाला मिळू लागले, पण त्यासाठीही धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा तंटा वर्षानुवर्षे चालला. नवा प्रकल्प मंजूर करताना आपण फक्त महापालिकेच्या टाकीतून पाणी देत नसतो, कोणाच्या तरी आवर्तनातला, म्हणजे शेतीला कालव्याचे पाणी मिळण्याच्या पाळीतला, एखादा दिवस कमी करत असतो.

धरणातले पाणी आणि टाकीतले पाणी यांत पुन्हा फरक आहे, आणि टाकीतले पाणी व नळातले पाणी यांत आणखी. आमच्या एका झोनमध्ये आठ इमारतींचे नवे संकुल जोडले गेले आणि महिन्याभरात वरच्या अंगाच्या गावठाणातून तक्रारी सुरू झाल्या. पहाटे साडेचारला मी स्वतः तिथे गेलो. आमचा जुना व्हॉल्व्हमन चेंबरमध्ये वाकून टी-चावी फिरवत होता, तोंडाने आटे मोजत होता. पूर्वीइतकेच आटे, पूर्वीचीच वेळ. तो म्हणाला, “साहेब, मी तेवढंच सोडतोय, पण गावठाणात पोचायच्या आत खालीच मुरतंय.” त्याचे निदान अचूक होते. संकुलाची भूमिगत टाकी रस्त्याच्या पातळीखाली, चार लाख लिटरची आणि रोज पहाटे रिकामी; जोडणी मोठ्या व्यासाची. पाणी सुटले की सखल जागी, अडथळा नसलेल्या त्या तोंडाकडे ते आधी धावणार, आणि ती टाकी भरेपर्यंत चढावरच्या अर्ध्या इंची नळांना फक्त हवेचा फुसकारा येणार. पंप नाही, चोरी नाही, नियमभंग नाही. गावठाणात पूर्वी पन्नास मिनिटे येणारे पाणी वीस मिनिटांवर आले होते आणि एका घरात न्हाणीचा नळ बंद करून उंबऱ्याजवळ जमिनीत खड्डा घेऊन खाली नळ बसवला होता, जेणेकरून थोडे तरी पडावे.

आम्ही संकुलाच्या जोडणीवर ठरावीक प्रवाहच जाऊ देणारा व्हॉल्व्ह आणि मीटर बसवला, तेव्हा गावठाणाची तक्रार मिटली आणि संकुलाची सुरू झाली. त्यांचेही काही चुकले नव्हते. त्यांनी पूर्ण किंमत देऊन घरे घेतली होती आणि त्यांना कोणीही सांगितले नव्हते की त्यांचा वाटा कधी मोजलाच गेला नाही.

म्हणून माझे मत असे आहे की पाण्याची वाटणी इमारत राहण्यास खुली करणाऱ्या भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी नव्हे, तर काम सुरू करू देणाऱ्या बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राच्या आधी व्हायला हवी. यामागे सोयीपेक्षा मोठे कारण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईतल्या अनधिकृत झोपड्यांच्या संदर्भात स्पष्ट केले, की पाणी मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि घर अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी पूर्णपणे नाकारता येत नाही. हे योग्यच आहे. पण याचा अर्थ असा की माणसे राहायला आल्यावर ‘नाही’ म्हणण्याची वेळ टळून गेलेली असते. ‘नाही’ म्हणायचे तर ते पाया खणण्यापूर्वीच म्हटले पाहिजे. ते म्हटले गेले नाही, की न्यायालयाला मध्ये पडावे लागते. २०१६ मध्ये बाणेर-बालेवाडीत आणि २०१७ मध्ये ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर पाणीटंचाईच्या कारणावरून उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांच्या परवानग्यांना लगाम घातला. असा सरसकट आदेश आला की ज्याचे घर तयार आहे आणि ज्याने अजून वीटही रचलेली नाही, ते दोघे एकाच रांगेत उभे राहतात.

वाटणीची वही टाकीनिहाय असावी, संपूर्ण शहराची एक नव्हे. त्या टाकीला कमी पावसाच्या वर्षातही खात्रीने किती एमएलडी मिळतील, हा पहिला आकडा. भरलेल्या धरणाचा आकडा इथे घेऊ नये. परवानगी चांगल्या वर्षी दिली जाते आणि माणसे वाईट वर्षीही तिथेच राहतात. त्यातून आज राहणाऱ्यांचे पाणी वजा करायचे, आणि त्यांत टँकरवरच्या सोसायट्या धरायच्याच, कारण आज त्या नळावर नाहीत म्हणून त्यांची गरज हिशेबात दिसत नाही. मग मंजुरी मिळालेल्या पण अजून न भरलेल्या इमारतींचे पाणी वजा करायचे. सगळी फसगत याच ओळीत होते : आमच्याकडे मागणीचा तक्ता आजच्या जोडण्यांवर निघत असे, आणि तीन वर्षांनी येणारी हजारो घरे कोणत्याच रकान्यात नसत. उरेल तेवढेच नव्यांना, अर्जाच्या क्रमाने. मात्र प्रारंभ प्रमाणपत्राची मुदत संपली की राखीव पाणीही संपले पाहिजे, अन्यथा मोठे विकसक पाणी अडवून ठेवतील आणि भूखंडाबरोबर तेही विकतील.

क्रमाऐवजी लिलाव करावा, असे सुचवणारे लोक मला भेटले आहेत. कॅलिफोर्नियातल्या बोलिनास गावात १९७१ पासून नव्या नळजोडण्या बंद आहेत, आणि तिथे एकच जोडणी लिलावात तीन लाख डॉलरांच्या वर गेली होती. आपल्याकडे तसे केले तर पाणी आलिशान सदनिकांनाच मिळेल आणि एका खोलीच्या घरांचे प्रकल्प मागे पडतील. वाटा माणशी असावा, चौरस फुटांवर नव्हे. जलतरण तलाव आणि हिरवळ यांचे पाणी या वहीत धरूच नये, ते प्रक्रिया केलेल्या पाण्यातून आणावे.

प्रक्रिया केलेल्या पाण्याबद्दल थोडे सावध राहून लिहितो. १३५ लिटरांपैकी साधारण ४५ लिटर शौचालयाच्या टाकीत जातात, म्हणजे शौचालयाला प्रक्रिया केलेले पाणी वेगळ्या नळाने देणारी दुहेरी नळव्यवस्था खरोखर चालली तर तिसरा हिस्सा वाचतो. पण पुष्कळ सोसायट्यांतला सांडपाणी प्रकल्प हस्तांतरानंतर वर्षभरात बंद पडतो. विजेचे बिल आणि वास ही दोन कारणे मी प्रत्येक कमिटीकडून ऐकली आहेत. तेव्हा ही बचत विकसकाच्या नकाशावरून नव्हे, मीटरच्या नोंदीवरूनच धरावी. गळतीचे गणित त्या मानाने जास्त भरवशाचे आहे. एक एमएलडी पाण्यातले ३५ टक्के वाटेत गेले तर सुमारे ९६० घरांना पुरते. गळती १५ टक्क्यांवर आणली तर तेच पाणी सुमारे १,२६० घरांना पुरते. नव्या धरणाशिवाय मिळणारी ही तीनशे घरे आहेत, पण जुन्या वाहिनीच्या दुरुस्तीचे उद्घाटन होत नाही, म्हणून तिला निधीही उशिरा मिळतो.

आपल्या सदनिकेपुरते सांगायचे, तर माहितीच्या अधिकारात महापालिकेला एवढेच विचारा, की हा प्रकल्प कोणत्या साठवण टाकीवर धरला आहे, ती टाकी बांधून झाली आहे का, तिच्यावर आजवर एकूण किती सदनिकांना मंजुरी दिली आहे आणि तिला रोज किती पाणी पोचते. विकसकाच्या हमीपत्राची प्रतही मागा आणि तिच्यात मुदत व दररोजचे प्रमाण आहे का ते पाहा. नसेल तर विक्री करारात ते लिहून घेण्याचा आग्रह धरा, कारण करारात आलेली गोष्ट महारेरापुढे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणापुढे, मांडता येते. उत्तरात टाकीचे नाव आणि एमएलडीचा आकडा न येता पुन्हा ‘उपलब्धतेनुसार’ हाच शब्द आला, तर टँकरचा खर्च धरूनच घराच्या हप्त्याचे गणित मांडा.