वाचकांचे प्रश्न: स्टारड्यू व्हॅलीतले मासे, कुठे आणि कधी

एरिक बॅरोन यांचा ‘स्टारड्यू व्हॅली’ हा व्हिडिओ गेम २०१६ साली आला. शेतीचा खेळ असला तरी या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं त्यातल्या मासेमारीबद्दलच आहेत.

पाऊस लागला की मी खाणीजवळच्या तळ्यावर जाऊन बसतो. कार्प आणि कचरा सोडून काही येत नाही. कॅटफिश मिळतो तरी कधी?

तुम्ही हवामान बरोबर निवडलंत, पण पाणी चुकलं. कॅटफिश त्या तळ्यात येतच नाही. तो नदीत मिळतो: पेलिकन टाउनमधून वाहणाऱ्या, किंवा सिंडरसॅप जंगलातल्या. ऋतू स्प्रिंग किंवा फॉल, पाऊस हवाच, आणि वेळ सकाळी ६ ते मध्यरात्र. तळ्यातला मोठा मासा हवा असेल तर तो स्टर्जन. त्याला पाऊस लागत नाही, पण तो फक्त समर आणि विंटरमध्ये, सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळात येतो.

जागा, ऋतू, वेळ आणि हवामान या चार अटींपैकी एक जरी चुकली तरी दिवसभर गळ टाकून तो मासा येणार नाही. नशिबाचा भाग या चारही जुळल्यानंतर सुरू होतो. म्हणून रोज सकाळी घरातल्या टीव्हीवर उद्याचं हवामान बघा आणि त्यावरून दुसऱ्या दिवसाचं पाणी ठरवा.

कचऱ्याचं कारण वेगळं आहे. काठाला लागून गळ पडला की कचरा जास्त आणि मासे हलके मिळतात. बटण दाबून ठेवा आणि जोराची पट्टी पूर्ण भरली की मगच सोडा. सगळ्या बाजूंनी जमिनीपासून जितकं लांब, तितका मासा मोठा आणि दर्जाही चांगला. पाण्यात बुडबुडे उठताना दिसले तर त्यावरच टाका. तिथे मासा चौपट लवकर लागतो.

मासा लागतो, पण हिरवी पट्टी त्याच्याबरोबर ठेवता येत नाही. रॉड बदलू का?

आधी हात बदला. बटण सतत दाबून धरलं की पट्टी वेगाने वर जाऊन आपटते, पूर्ण सोडलं की खाली पडून उसळी घेते, आणि त्या उसळीतच मासा निसटतो. हलके, छोटे दाब देत राहा. पट्टी खाली येत असेल तर तळाला टेकायच्या जरा आधी एक दाब द्या, म्हणजे ती उसळत नाही. मासा झपकन दिशा बदलतो तेव्हा त्याच्या मागे धावू नका. बहुतेक वेळा तो परत येतो.

पट्टीची लांबी तुमच्या फिशिंग लेव्हलवर ठरते. सुरुवातीला ती ९६ पिक्सेल असते, दर लेव्हलला ८ वाढते, म्हणजे दहाव्या लेव्हलला १७६. माशांच्या अवघडपणाचे आकडेही बघा: कार्प १५, सनफिश ३०, कॅटफिश ७५, ऑक्टोपस ९५. त्यामुळे पहिल्या वर्षी स्प्रिंगच्या ३ तारखेला पाऊस ठरलेला असला, तरी त्या दिवशी कॅटफिश निसटला म्हणून खचू नका. आधी सोपे मासे पकडून लेव्हल वाढवा.

किनाऱ्यावर मासेमारीचं दुकान चालवणाऱ्या विलीकडे २५ गोल्डला ट्रेनिंग रॉड मिळतो. त्याची पट्टी पाचव्या लेव्हलइतकी लांब असते, पण त्यावर अवघड मासे लागतच नाहीत. हात बसला की तो बाजूला ठेवा. अवघड माशाच्या दिवशी ट्राउट सूप पिऊन जा; फिशिंग लेव्हल तात्पुरती एकने वाढते.

बांबू रॉडला आमिष लागत नाही. काय चुकतंय?

काही चुकत नाही, त्या रॉडला आमिष लावताच येत नाही. त्यासाठी फायबरग्लास रॉड लागतो: लेव्हल २, किंमत १८०० गोल्ड. मग आमिष उचलून रॉडवर राइट क्लिक करा. बग मीटच्या (किड्यांच्या मांसाच्या) एका तुकड्यातून ५ आमिषं होतात. ट्रॅप बॉबरसारखं रॉडला जोडायचं साहित्य मात्र ७५०० गोल्डच्या इरिडियम रॉडला बसतं, आणि तो लेव्हल ६ ला मिळतो.

कम्युनिटी सेंटरच्या फिश टँकसाठी पहिल्याच वर्षात सगळे मासे जमतील का?

जमतील, पण समर वाया घालवू नका. (कम्युनिटी सेंटर दुरुस्त करायला ठरावीक वस्तूंचे गट, म्हणजे बंडलं, भरावी लागतात; फिश टँकमध्ये माशांची बंडलं असतात.) आमच्या मते सगळं गाडं पफरफिशवर अडतं: फक्त समर, फक्त स्वच्छ ऊन, समुद्र, दुपारी १२ ते ४. खेळातली दहा मिनिटं म्हणजे खरे सात सेकंद, तेव्हा ही खिडकी पावणेतीन मिनिटांची आहे. बाराच्या आधीच किनाऱ्यावर असा. त्याच सकाळी तिथे टिलापिया (६ ते २) आणि टूना (६ ते ७) मिळतात.

रेड स्नॅपरला पाऊस लागतो. समरच्या १३ आणि २६ तारखेला वादळी पाऊस नक्की असतो. ते दोन दिवस समुद्रासाठी राखून ठेवा, संध्याकाळी ७ च्या आत. फॉलमधल्या पावसात दुपारी १२ नंतर वॉलआय घ्या आणि ४ नंतर समुद्रावर ईल. टायगर ट्राउट नदीत, फॉल किंवा विंटरमध्ये.

घोस्टफिश, वूडस्किप आणि सँडफिश यांना ऋतू नाही, वाट मोकळी करावी लागते: खाणीचा २० वा किंवा ६० वा मजला, स्टीलच्या कुऱ्हाडीने उघडणारं गुप्त वन, आणि बस दुरुस्त झाल्यावरचं वाळवंट. बसच्या बंडलांना एकूण ४२,५०० गोल्ड लागतात, म्हणून पैसे आधीपासून बाजूला काढा. एखादा मासा हुकलाच तर शुक्रवारी आणि रविवारी जंगलात येणारी फिरती गाडी बघा, कधी कधी तोच मासा तिथे विकायला असतो. हे सगळं नेहमीच्या बंडलांसाठी. खेळ सुरू करताना ‘रीमिक्स्ड’ बंडलं निवडली असतील तर यादी बदलते.

लीजेंड मासा कुठे?

खाणीजवळच्या तळ्यात, पाण्यातल्या ओंडक्याजवळ, काठापासून लांब. स्प्रिंग, पाऊस आणि लेव्हल १० हवी. पाऊस येईना तर रेन टोटेम बनवा: १ हार्डवूड, १ ट्रफल ऑइल, ५ पाइन टार. टोटेम वापरल्यावर पाऊस दुसऱ्या दिवशी पडतो, म्हणून स्प्रिंगच्या २७ तारखेनंतर तो खर्च करू नका.