बर्फाच्या वादळानं जंगलातली झाडं मोडली, आता सगळी तोडावीत का?

पावसाचं पाणी फांद्यांवरच गोठून तुमच्या वनपट्ट्यातल्या निम्म्या झाडांचे शेंडे मोडलेत, तर आताच सगळं तोडून टाकावं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. अपवाद पाइनचा.

आधी जिवाचं. फांद्यांवर बर्फ असेपर्यंत आत शिरू नका. नंतरही नजर वर ठेवा, कारण अर्धवट तुटून अडकलेली फांदी साध्या वाऱ्यानंही खाली येते. त्याहून वाईट म्हणजे धनुष्यासारखं वाकून शेंडा दुसऱ्या ओंडक्याखाली अडकलेलं खोड. त्यात इतका ताण असतो की करवत लागताच ते उसळून अंगावर येतं. ते काम अनुभवी माणसालाच द्या.

ओक, मेपल अशा पानझडी झाडांचं छत्र निम्म्याहून कमी गेलं असेल तर ती बहुतेक जगतात, सुप्त डोळ्यांतून नवे धुमारे फुटतात. पाऊण भागाहून जास्त गेलं असेल तर फारशी आशा नाही. मधल्यांसाठी निदान एक उन्हाळा थांबा. जानेवारी 1998 मध्ये कॅनडाच्या क्युबेक, ओंटारिओ प्रांतांत आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात असंच वादळ झालं, तेव्हा गेल्यातच जमा वाटलेले कितीतरी मेपल पुढे सावरले. फांद्या मोडलेल्या परवडल्या, पण बेचकीपासून खोड उभं चिरलं असेल तर त्यातून कूज थेट गाभ्यात जाते. असं झाड आधी काढा. मेपलचा रस काढत असाल तर जबर मार बसलेल्या झाडांना काही वर्षं विश्रांती द्या.

पाइनचं गणित उलटं. त्याला खोडातून सहसा नवी फूट येत नाही. हिरव्या फांद्या फारशा उरल्या नसतील तर ते झाड गेलंच समजा. शिवाय ताज्या मोडलेल्या लाकडात सालकिडे येतात आणि बुरशीनं लाकूड निळं पडतं. म्हणून ऊन तापायच्या आत पाइन काढा.

वाकलेली कोवळी रोपं बरीचशी आपोआप उभी राहतात, पार जमिनीला टेकलेली मात्र क्वचितच. जंगलात प्रत्येक जखम छाटत बसायची गरज नाही. पायवाटेलगतच्या फांद्या छाटल्या तरी पुरे. जखमेला रंग किंवा डांबर नको. तुमच्या भागात ओकचा मर रोग (ताज्या जखमांतून शिरणारी बुरशी) असेल तर वसंतात ओकला करवत लावू नका.

लाकूड घेणारे लगेच दारात येतील. वनतज्ज्ञाकडून झाडांवर खुणा करून घेतल्याशिवाय सही करू नका. आणि चिखलात अवजड यंत्रं फिरली तर वाचलेल्या झाडांची मुळं चिरडतात, म्हणून जमीन गोठलेली किंवा कोरडी असतानाच काम करायचं, ही अट करारात घाला.