नऊ वाजून पाच मिनिटं

प्रिय पोरी,

रविवारी चहा अर्धा टाकून उठलीस. "काका, तुम्ही सरळ काही सांगतच नाही," म्हणालीस. घे, आता सरळ सांगतो.

तू माझ्यापुढे तीन कागद ठेवलेस. इंग्लंडमधल्या सायबर सुरक्षेच्या एक वर्षाच्या एमएस्सीचं प्रवेशपत्र, ऐरोलीच्या कंपनीतली सॉकची, म्हणजे नेटवर्कवर पहारा ठेवणाऱ्या कक्षाची, रात्रपाळी, आणि सर्टिफिकेटांची यादी, किमतींसकट. यातलं कुठलं, असं विचारलंस. मी उलट विचारलं, तुमच्या घरच्या राऊटरचा लॉग, त्याची मिनिटामिनिटाची नोंदवही, कधी उघडून पाहिलीयस का? तू हसलीस. ते हसणं मला लागलं, म्हणून हे पत्र.

लॉग वाच. स्वतः, कच्चा, ओळ न ओळ. डॅशबोर्डवरचे लाल-हिरवे गोळे म्हणजे दुसऱ्याने वाचून तुला सांगितलेला लॉग.

२०११ साली मी एका सहकारी बँकेचं सिस्टीम ऑडिट करत होतो. सप्टेंबरअखेर, सगळी घाई. व्हीपीएनच्या, म्हणजे बाहेरून बँकेच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या वाटेच्या, लॉगमध्ये एका क्लार्कच्या नावाने एक लॉगिन होतं, वेळ २१:०५. मला वाटलं, सहामाहीचं क्लोजिंग आहे, रात्री नऊला घरून काम करत असेल बिचारा. 'लॉग तपासले' या रकान्यात 'होय' लिहिलं आणि सीएसएमटीची गाडी पकडली. ते यंत्र वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहीत होतं. साडेपाच तास मिळव. पहाटेचे दोन पस्तीस. त्या वेळी तो माणूस परळच्या आपल्या खोलीत झोपलेला होता आणि त्याचा पासवर्ड दुसराच कुणीतरी वापरत होता.

पैसे बरेचसे परत आले. पण तो क्लार्क आठ महिने निलंबित होता. चौकशीत माझाच कागद त्याच्या विरोधात गेला: लॉग तपासले, काही वावगं नाही, म्हणजे आत आला तो तोच. मी नंतर लेखी खुलासा दिला, तो सुटला. त्याच्या घरी मात्र मी कधी गेलो नाही. जायला हवं होतं.

सर्ट-इनने, म्हणजे सायबर हल्ल्यांचं बघणाऱ्या आपल्या सरकारी संस्थेने, एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला. घटना सहा तासांत कळवा, लॉग १८० दिवस जपा, सगळी घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळवून घ्या. ऑफिसातली पोरं वैतागली होती, कागदी घोडे म्हणून. मी त्या घड्याळाच्या कलमाखाली दोनदा पेन्सिल ओढली.

आता परदेश. एजंटने तुला रिकाम्या जागांचा मोठा आकडा सांगितला असणार. त्यातून आधी वजाबाकी कर. अमेरिकेत स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या, पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे तिथे काम करायच्या परवानगीचे, बारा महिने आणि वर चोवीस महिने वाढवून मिळतात, खरंय. पण संरक्षण खात्याच्या आणि त्यांच्या कंत्राटदारांच्या बऱ्याच जागांना सिक्युरिटी क्लिअरन्स, गुप्त माहिती हाताळायचा सरकारी परवाना, लागतो आणि तो नागरिकांसाठी असतो. ब्रिटनमध्येही 'एससी' नावाच्या अशाच क्लिअरन्सला साधारण पाच वर्षांचं तिथलं वास्तव्य बघतात, आणि पदवीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्याला तोही दीडच वर्षाचा. तुझे बाबा बदलापूरचा फ्लॅट तारण ठेवायला निघालेत. हे गणित त्यांना एजंट सांगणार नाही. तू सांग.

आणि कोर्सचं नाव नको बघू, आत काय शिकवतात ते बघ. ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, क्रिप्टोग्राफी, फॉरेन्सिक्स यांना किती तास आहेत? प्रबंधासाठी हातात कच्चा डेटा देतात का? दर दुसऱ्या विषयाच्या नावात 'स्ट्रॅटेजी' असेल, तर तिथे तुला लॉगबद्दल बोलायला शिकवतील, वाचायला नाही. मला अशा जागा आवडतात, जिथे एकदा काहीतरी मोडलं आणि लोक ते मोडलेलं समोर घेऊन बसले. १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा यंत्रायंत्रांतून आपोआप पसरणारा प्रोग्राम सुटला, त्यानंतर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट, अशा हल्ल्यांना तोंड देणारी तुकडी, उभी राहिली. एस्टोनियावर २००७ मध्ये सायबर हल्ले झाले. आज तिथल्या राजधानीत, टालिनला, जाऊन लोक हाच विषय शिकतात. तुझ्या कागदांत टालिन नव्हतं. का नव्हतं? एजंटला तिथलं कमिशन नसेल.

ऐरोलीची नोकरी कमी दर्जाची आहे, असं तुझ्या बोलण्यातून आलं. अगं, २०१७ च्या जूनमध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा डेटा पुसणारा प्रोग्राम सुटला आणि इथे न्हावा-शेवाला मर्स्क या जहाज कंपनीच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. मर्स्कचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे कुणाला आत घ्यायचं हे ठरवणारे सर्व्हर, जगभर पुसले गेले. एक वाचला, घानामधला, कारण तिथली वीज गेलेली होती. त्याच्यावरून बाकीचं उभं केलं. डोमेन कंट्रोलर ज्याने कधी जवळून पाहिलेला नाही, त्याला हा नुसता किस्सा वाटेल. रात्रपाळीला बसून वर्षभर लॉग वाचलेस की तो तुला किस्सा वाटणार नाही.

सर्टिफिकेटांचं थोडक्यात. ओएससीपीबद्दल, म्हणजे सिस्टीम फोडून दाखवायच्या परीक्षेबद्दल, मला आदर आहे, पावणेचोवीस तास खपावं लागतं आणि मग अहवालही लिहावा लागतो. बाकीची यादी कंपनीच्या पैशाने.

मी स्वतः का गेलो नाही, हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या चेहऱ्यावर होतं. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजात माहिती सुरक्षेचा एमएस्सी १९९२ पासून आहे. २००३ साली मला तिथलं पत्र आलं होतं. आई आजारी, घराचे हप्ते, असं मी सगळ्यांना सांगतो. तेही खरंच होतं. पण इंग्रजीत तोंड उघडायची भीती जास्त खरी होती. नंतर मी स्वतःला समजावलं की शिकायचं ते इथेही शिकता येतं, आणि आलंही. मात्र तिथे गेलो असतो तर कुणीतरी पहिल्याच आठवड्यात घड्याळाचं विचारलं असतं, आणि परळचा तो माणूस आठ महिने घरी बसला नसता. की बसला असताच, दुसऱ्या कुणाच्या सहीने? हे मला अजून नीट लावता आलेलं नाही.

म्हणून तू जा. पण यंदा नको. विद्यापीठाला लिही, प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का विचार. तोवर ऐरोली. घरी सगळे म्हणतील, काकांनी पोरीला अडवलं. म्हणू देत.

शनिवारी ये. राऊटरचा लॉग प्रिंट काढून आण, पेन्सिल माझ्याकडे आहे. आणि चहा पूर्ण प्यायचा. त्या अर्ध्या कपावरून काकू मलाच बोलली.

तुझा,
काका